वस्तू समोर ठेवून मिशनऱ्याच्या आफ्रिकेतील आठवणी कशा टिपाव्यात

आफ्रिकेत बरीच वर्षे काढून परतलेल्या वृद्ध मिशनऱ्याला ‘तिथले काही सांगा’ असे म्हटले, की बहुधा प्रवचनांतून सांगून सांगून गुळगुळीत झालेले प्रसंगच ऐकायला मिळतात. त्याऐवजी संग्रहालयाची आगाऊ परवानगी घेऊन, त्यांनी काम केले त्याच भागातील दोन-तीन वस्तू पाहण्याची सोय करावी. मुखवट्यांपेक्षा रोजच्या वापरातील वस्तू बऱ्या. मुखवट्यांविषयी बोलायला सगळेच उत्सुक असतात.

काँगोच्या कासाई प्रदेशातील कुबा लोकांचे कापड घ्या. राफिया ताडाच्या तंतूंचे हे कापड पुरुष विणतात आणि स्त्रिया त्यावर भरतकाम करतात; सुईने ओवलेला धागा गाठ न मारता कापडालगत कापतात, त्यामुळे मखमलीसारखी लव उभी राहते. ‘हे काय आहे?’ असे विचारू नये, कारण ते शेजारच्या पाटीवर लिहिलेले असते. विणणारा कुठे बसत असे, कापड मऊ करण्यासाठी उखळात कांडताना ऐकले होते का, एका तुकड्याला किती दिवस लागत, असे विचारावे आणि मग गप्प बसावे. उत्तराला मिनिटभर लागले तरी मध्ये बोलू नये. चिलुबा किंवा बुशाँग या तिथल्या भाषांतला शब्द आला, तर तो ऐकू येईल तसाच देवनागरीत उतरवावा; अर्थ नंतर विचारता येतो.

वस्तू कशी मिळाली, हा प्रश्न अवघड असला तरी टाळू नये. विल्यम हेन्री शेपर्ड हे आफ्रिकी-अमेरिकी मिशनरी १८९२ मध्ये कुबा राजधानीत पोहोचले आणि त्यांनी जमवलेल्या वस्तू पुढे व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथील संग्रहात गेल्या. याच शेपर्डनी १८९९ मध्ये, बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या काँगो राज्यासाठी खंडणी वसूल करणाऱ्यांच्या छावणीत, तोडून धुरावर वाळत ठेवलेले ८१ उजवे हात मोजले होते. सुंदर कापड आणि ते हात एकाच माणसाने पाहिलेले असतात. म्हणून वस्तू भेट मिळाली, विकत घेतली की दबावाखाली दिली गेली, हे नोंदीत स्वतंत्रपणे लिहावे.

सांगणाऱ्याची आठवण पाटीवरील माहितीशी जुळली नाही, तर तिथल्या तिथे दुरुस्ती करू नये. दोन्ही गोष्टी तारखेसह लिहाव्यात, ध्वनिमुद्रणाची एक प्रत संग्रहालयाला द्यावी आणि शक्य असल्यास ते कासाईतील एखाद्या जाणकाराला ऐकवून त्याचे म्हणणे त्याच नोंदीखाली जोडावे.