पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण करताना गायी-म्हशींच्या मनातील भीती लक्षात घ्यावी

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत घटसर्प व फऱ्या या रोगांचे लसीकरण, जंतनिर्मूलन, खुरे साळणे आणि जनावरे पावसाळी गोठ्यात हलवणे ही कामे एकदमच येतात. ती टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. मात्र ती कोठे, कोणाच्या हातून आणि कशी होतात याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत पुढे धारेच्या वेळी मोजावी लागते, कारण त्रास झालेली जागा आणि त्रास देणारा माणूस या दोन्ही गोष्टी जनावर ओळखून ठेवते.

सडांना स्पर्श होताच मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, कासेतील दूधपिंडांभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकसतात आणि पान्हा सुटतो. जनावर भेदरलेले असेल तर हे संप्रेरक पुरेसे स्रवत नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गायींना एका माणसाने प्रेमाने, तर दुसऱ्याने दांडगाईने हाताळले होते. पुढे धारेच्या वेळी तो दांडगा माणूस नुसता जवळ उभा राहिला, तरी कासेत शिल्लक राहणारे दूध सुमारे 70 टक्क्यांनी वाढले. म्हशीच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी, कारण तिच्या कासेच्या पोकळीत आधीपासून उतरलेले दूध फारच थोडे असते आणि जवळजवळ सगळे दूध पान्ह्यावरच अवलंबून असते.

म्हणून लस टोचताना जनावर धरण्याचे काम धार काढणाऱ्या व्यक्तीकडे देऊ नये, आणि धार काढण्याच्या जागी लसीकरण करू नये. खोडा, म्हणजे जनावर स्थिर धरण्याची चौकट, वेगळ्या जागी असावा आणि लस दिल्यानंतर तेथेच थोडे आंबोण (भिजवलेले खाद्य) द्यावे. कळपातून एकटे काढलेले जनावर अधिक बिथरते, त्यामुळे नेहमीची शेजारीण दिसेल अशी उभी ठेवावी आणि सुरुवात शांत, वयस्क गायीपासून करावी. डोळ्यांचा पांढरा भाग जास्त दिसू लागणे, वारंवार पातळ शेण टाकणे आणि मागे रेटणे ही भीतीची लक्षणे आहेत; ती दिसल्यावर काठी उगारल्यास भीती वाढते आणि काम लांबते. लसीनंतर एक-दोन दिवस अंगात कणकण येऊन दूध किंचित घटते, ते आपोआप पूर्ववत होते. पान्हा सुटत नाही म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे हा उपाय नव्हे. दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला हानिकारक द्रव्य टोचणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे.

पावसाळी गोठ्यात जनावरे पहिल्या मोठ्या पावसाच्या आधीच, निवांत दिवशी न्यावीत आणि दावणीवरचा शेजार शक्यतो बदलू नये. उन्हातून अंधारात शिरताना गायीच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. ती दारात थबकली तर तिला हट्टी समजून ओढू नये, आत दिवा लावून पाहू द्यावे. माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वरही तिला ऐकू येतात, तेव्हा सैल झालेले पत्रे वळवाच्या वाऱ्यात खडखडू लागण्यापूर्वीच घट्ट करून घ्यावेत.

वासरांच्या शिंगकळ्या (शिंगांचे कोवळे कोंभ) जाळायच्या असतील तर माश्यांचा उपद्रव वाढण्यापूर्वी, पशुवैद्यकाकडूनच जाळून घ्याव्यात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले, की शिंगकळ्या जाळल्यानंतरच्या वेदनेत वासरे संदिग्ध खुणेचा अर्थही वाईटच लावतात, म्हणजे वेदनेने त्यांची मनःस्थितीच बदलते. जागा बधिर करणाऱ्या औषधाचा परिणाम काही तासांत उतरतो, त्यामुळे त्याच्या जोडीला अधिक काळ टिकणारे वेदनाशामक देण्यास पशुवैद्यकांना आवर्जून सांगावे, आणि त्या रात्री वासराला एकटे न बांधता सोबतीच्या वासराजवळ ठेवावे.