कर्ज काढून जोडधंदा? या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, सांगोला, मंगळवेढा, कुठंही बघा. दोन-तीन एकरवाला शेतीचं कर्ज फेडायला जोडधंदा काढतो आणि त्या धंद्यासाठीच पुन्हा कर्ज उचलतो.

शेळीपालनात हे फार होतं. माझ्या मावसभावानं कर्जातून आधी पत्र्याचं मोठं शेड मारलं. मग सांगोल्याच्या बाजारातून वेगवेगळ्या कळपांतल्या उस्मानाबादी शेळ्या एकदम आणल्या आणि त्याच दिवशी एकत्र कोंडल्या. लस कुणालाच नव्हती. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा साथीचा रोग, आला. नाकं गळायला लागली, तोंडं आली, हगवण लागली. निम्म्या शेळ्या गेल्या. उरलेल्यांना चारा विकत, कारण बांधावर शेवरीचं एक झाड नव्हतं. हप्ता भरायला त्यानं शेकडा तीननं पैसे घेतले. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के! कुठली शेळी एवढं देईल?

मी आधी चारा लावतो. मग दोन गाभण शेळ्या, साध्या छपरात. विकत आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं, पीपीआर आणि आंत्रविषाराची (शेळ्यांच्या आतड्यात विष होण्याचा रोग) लस टोचायचीच. उस्मानाबादीला बऱ्याचदा जुळी होतात, कळप घरातच वाढतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून शंभर शेळ्यांचं गणित मांडणाऱ्या पोरांना एवढा दम निघत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पीककर्ज थकवू नका. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं व्याज 4 टक्क्यांवर येतं. राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेत बसलात तर शून्यावर. माफीची वाट बघत बसलात की सवलत जाते आणि पुढचं कर्जही अडतं. उसाचं बिल किंवा कांद्याची पट्टी आली की आमच्याकडं गावच्या सोसायटीच्या पीककर्जाचे पैसे त्याच दिवशी बाजूला निघतात, लग्नसराई असो नसो.

सावकाराला तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत कधीच देऊ नका. दिलं असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करा.

मालदांडी ज्वारीचा सगळा कडबा सुगीतच विकू नका, उन्हाळ्यात भाव बघा.

शेंगाचटणी, कडक भाकरी विकायचा जोडधंदा करायचा तर अन्नसुरक्षेची (FSSAI) नोंदणी आधी करा. आणि दर ठरवताना दाणे, तिखट, जळण यांच्याबरोबर घरच्या बायकांचा रोजही धरा.