घरचं चांगलं जेवण कमी खर्चात कसं जमवावं: एक सोलापुरी हिशेब

दोन वर्षांपूर्वी वजन कमी करायच्या नादात मी एक आहार-यादी घरी आणली आणि फ्रिजवर चिकटवली. ओट्स, क्विनोआ, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, बदामाचं दूध. आईनं चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, "ह्यात ज्वारी कुठंय रे?"

त्या महिन्याचं किराणा बिल दीडपट झालं. वजन जिथल्या तिथं. मग मी यादी काढून तिथं खर्चाची वही टांगली. तिच्यावरून एक गोष्ट कळली: सोलापुरात राहून चांगलं खायला पैसे फार लागत नाहीत, वेळ लागतो. तो वेळ आजवर आई देत होती आणि त्याचा दर कोणी लावला नव्हता. म्हणून खालच्या पायऱ्या पैशांच्या जितक्या आहेत तितक्याच कामाच्या वाटणीच्याही आहेत.

पायरी १: आधी महिनाभर फक्त लिहा

काही बदलू नका. किराणा, भाजी, दूध, बाहेरचं खाणं आणि पुड्यांतला खाऊ असे पाच रकाने पाडा आणि रोज रात्री भरा. आमच्या वहीत डाळ-तांदळाचा रकाना अगदी सभ्य होता. फुगले होते शेवटचे दोन. संध्याकाळी सात वाजता "आज काय करायचं?" हा प्रश्न अनुत्तरित राहिला की मोबाइलवरून काहीतरी मागवलं जायचं. आठवड्यातून तीनदा. म्हणजे जेवण महाग नव्हतं, न ठरवणं महाग होतं.

पायरी २: किलोचा भाव सोडा, ताटाचा भाव काढा

पुढचे दर मी नुसते मांडून दाखवतोय. तुमच्या पेठेतला आजचा भाव घालून आकडे बदला. समजा ज्वारी किलोला ५० रुपये आणि दळण ६ रुपये. मध्यम आकाराच्या भाकरीला साधारण ९० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे किलोत ११ भाकऱ्या. एक भाकरी पडली ५ रुपयांना. चार माणसांच्या ८ भाकऱ्या ४० रुपये, १२० ग्रॅम तूरडाळ १८, पालेभाजीची जुडी १५, शेंगाचटणी १०, तेल ४, कांदा-लसूण-तिखट ८, पाव किलो दही २० आणि गॅसचे धरा १०. एकूण १२५. माणशी ३१ रुपये.

गॅसचा आकडा अंदाजे धरू नका बरं का. १४.२ किलोची टाकी किती दिवस पुरते ते कॅलेंडरवर लिहा आणि टाकीच्या किमतीला दिवसांनी भागा. आम्ही कुकरमध्ये एकावर एक डबे लावायला लागल्यापासून टाकी पाच-सहा दिवस जास्त जाते.

आता या ताटात ताकद किती? दोन भाकऱ्यांतून १८ ग्रॅम प्रथिनं, डाळीतून ६, चटणीतून ३-४, दह्यातून २. सुमारे ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. म्हणजे ३१ रुपयांच्या एका ताटात दिवसाची निम्म्याहून जास्त गरज भागली. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर. भाकरी आणि आमटी एकाच ताटात का, याचं उत्तर तिथं आहे.

दुकानात उभं राहून तुलना करायची असेल तर एवढं पाठ ठेवा: १० ग्रॅम प्रथिनं मिळतात ४० ग्रॅम शेंगदाण्यांत, ४५ ग्रॅम तूरडाळीत, दीड-दोन अंड्यांत, ३०० मिली दुधात किंवा १०० ग्रॅम ज्वारीत. भाव गुणा आणि बघा. आरोग्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या प्रोटीन बिस्किटांचा पुडा हाच हिशेब लावून एकदा तपासा, मजा येते.

पायरी ३: ज्वारी हंगामात घ्या, पीठ मात्र थोडं-थोडं दळा

एक खरं सांगायला हवं. ज्वारी आता गरिबाचं धान्य राहिलेली नाही. बऱ्याचदा ती गव्हापेक्षा महाग मिळते. म्हणूनच ती कधी आणि कशी घ्यायची याला अर्थ आहे.

आपली ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली, काळ्या रानातल्या ओलीवर पोसलेली, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी असो की दुसरीकडची मालदांडी वाणाची, नवा माल बाजारात येतो तेव्हा घ्या. रोज एकवेळ भाकरी खाणाऱ्या चौघांना महिन्याला २२ किलो लागते. एकदम वर्षाची घ्यायची ऐपत किंवा जागा नसेल तर दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एक-दोन पोती घ्यावीत. गावाकडं शेती करणारा पाहुणा असेल तर दुकानाआधी त्याला फोन करा. दाणा टपोरा, मोत्यासारखा हवा. काळे ठिपके दिसले तर तो पावसात सापडलेला माल. स्वस्त मिळतो, पण भाकरी काळपट होते.

आणलेली ज्वारी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ऊन सोलापुरात फुकट आहे आणि हवं त्यापेक्षा जास्त आहे. पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा, मध्ये-मध्ये सुकवलेला कडुलिंबाचा पाला टाका.

दळताना मात्र पंधरा दिवसांपुरतंच दळा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे असतो तेवढा चिकटपणाही, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि चव कडवट लागते. मी चाळिशीत भाकरी शिकलो तेव्हा पहिले चार दिवस माझ्या भाकरीचा नकाशा व्हायचा. आईनं सांगितलेली युक्ती अशी: उकळतं पाणी पिठाच्या मधोमध ओता, दोन मिनिटं झाका, मग तळहाताच्या टाचेनं रगडून-रगडून मळा. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणा देतो. जमतं. आठवड्याभरात जमतं.

पायरी ४: सात वाजताच्या भुकेसाठी घरात विमा ठेवा

बाहेरून मागवणं बंद करायचं म्हणून बंद होत नाही. घरात काहीतरी तयार असलं तरच ते होतं. सोलापूरकरांनी ही अडचण कधीच सोडवून ठेवली आहे: कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

कडक भाकरी म्हणजे पातळ थापून, दोन्ही बाजूंनी भाजून, मग मंद आचेवर पापडासारखी कडकडीत होईपर्यंत वाळवलेली भाकरी. ओल राहिली नाही तर हवाबंद डब्यात महिना-दीड महिना सहज टिकते. रविवारी दोघांनी मिळून दहा-बारा करून ठेवा. जमत नसेल तर घरगुती करणाऱ्या बायकांकडून विकत घ्या. हॉटेलच्या एका भाजीच्या पैशात आठवडा निघतो. गरम आमटीत कुस्करली की जेवण तयार.

चटणीसाठी पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर, घाई न करता भाजा. आतून बदामी झाले पाहिजेत. साली निम्म्या राहिल्या तरी चालतं. पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दीड चमचा तिखट, चमचाभर जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. दाण्याला तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागला की थांबा. मिक्सरमध्ये करायची तर बटण दाबा-सोडा करत फिरवा, सलग फिरवलं तर पेस्ट होते. चटणी म्हणून कौतुक असलं तरी ती पोट भरायची वस्तू नाही. तिच्यातली दोन-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा तेलाची आहे. ताटात दोन चमचे, बस.

तिसरा विमा म्हणजे भिजवलेलं कडधान्य. त्याबद्दल शेवटी.

पायरी ५: मंडईत वेळ बघून जा, यादी घेऊन जाऊ नका

किराण्याला यादी हवी, भाजीला नको. "मेथीच पाहिजे" म्हणून गेलं की मेथीवाली अक्का सांगेल तो भाव. त्याऐवजी ठरवा: दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक शेंग. त्या दिवशी ज्याचा ढीग मोठा, ते घ्यायचं. लक्ष्मी मार्केटमध्ये किंवा बाळीवेशीकडच्या कस्तुरबा मंडईत दिवस मावळताना गेलात तर पालेभाजी वाट्यानं निघते. कांदा-बटाटा-लसूण मात्र महिन्याचा एकदम घ्यावा. सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याची मोठी उलाढाल होते. शेजारपाजार मिळून एक पिशवी आणली तर दरात फरक पडतो.

पालेभाजीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत आणि करंटेही. चुका, अंबाडी, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला, घोळ, शेपू: एवढं सगळं मिळतं आणि आपण मेथी-पालकावर थांबतो. अंबाडी मला शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू शेजारणीनं शिकवली. तिच्याकडं ती गोंगुरा. मुळातच आंबट असल्यामुळं चिंच लागत नाही, डाळीत शिजवायची आणि वरून लसणाची फोडणी. डाळ-शेंगदाणे घालून घट्ट केलेली मुद्दा भाजी असेल तर वेगळी आमटी करायचीही गरज नाही. वर लिंबू पिळा, पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्या-जेवल्या चहा पिऊ नका, त्यानं लोह वाया जातं. हा सल्ला आमच्या घरात अजून कोणी पाळलेला नाही.

एप्रिल-मे आला की भाजी कोमेजते आणि भाव चढतो. त्याची तयारी थंडीत करायची. हरभऱ्याचा पाला डिसेंबर-जानेवारीत सावलीत वाळवून डब्यात भरा. उन्हाळ्यात मूठभर घेऊन, बेसन लावून, लसणाच्या फोडणीवर परता. सांडगे आहेत, हुलग्याचं माडगं आहे, शेंगोळे आहेत. ही काही गरिबीची तडजोड नव्हे. वेळा अमावस्येला शेतात बसून आपण जी भज्जी मिटक्या मारत खातो, ती तरी काय असते? हाताशी असलेली सगळी कडधान्यं आणि भाज्या एका भांड्यात.

फळांचं थोडक्यात. थंडीत बोरं आणि पेरू, दिवाळीच्या आसपास बार्शीकडची सीताफळं, आणि डाळिंबं. निर्यातीच्या मोठ्या डाळिंबाच्या मागं लागू नका. लहान किंवा डाग पडलेली फळं गाड्यावर निम्म्या भावात असतात, आतला दाणा तोच.

पायरी ६: कुठं वाचवायचं नाही ते ठरवा

तेल आणि डाळ यांत हात आखडू नका. तेल चांगलं आणा, पण कमी वापरा. माणशी दिवसाला २५-३० ग्रॅम हिशेबानं चौघांना महिन्याला तीन-साडेतीन किलो भरपूर झालं, आमच्याकडं आधी पाच लागायचं. तळलेलं तेल पुन्हा-पुन्हा वापरून केलेली बचत ही बचत नाही. दूध-दही आणि अंडी मुलांच्या ताटातून कापू नका. मटण महिन्यातून एकदा आणि मनसोक्त, रोजच्या रश्श्याला काळं तिखट समर्थ आहे.

कापायचं ते हे: तयार मसाल्यांच्या पुड्या, सॉस, बिस्किटं, "मल्टिग्रेन" छापलेला आटा, सकाळचे गोड कुरकुरीत पोहे. नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला दहा मिनिटांत होतो, त्यात दाणे आणि डाळं सढळ हातानं घाला.

रेशन कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत आहे, ते लाजून सोडू नका. त्या तांदळाची इडली उत्तम होते.

पायरी ७: काम वाटा

ही पायरी सोडली तर वरच्या सहा कोसळतात. सगळी स्वस्ताई एकाच बाईच्या कमरेवर उभी असेल तर ती टिकत नाही, आणि टिकावी असंही नाही. आमच्या फ्रिजवर आता वहीशेजारी एक कागद आहे. दळण आणि मंडई माझ्याकडं, आमटी-भाजी बायकोकडं, भाकऱ्या एक दिवसाआड तिच्या आणि माझ्या, लसूण सोलणं पोराकडं, कडधान्य भिजवणं पोरीकडं. आई देखरेख करते आणि माझ्या भाकरीला नावं ठेवते.

पोरीचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं. रात्री दोन वाट्या मटकी भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडते. ती विसरली की सात वाजता आम्ही सगळे एकमेकांकडं बघतो आणि कडक भाकरीचा डबा उघडतो.