नाणेघाट बघायचाय? मग कोकणातून चढा

पावसाळ्यात नाणेघाट म्हटलं की हल्ली सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, तो उलटा धबधबा. रविवारी जुन्नरकडून गाडी थेट वर आणायची, वाऱ्यानं पाणी उलटं उडतं त्याचा व्हिडिओ काढायचा, मॅगी खायची आणि ट्रॅफिकमधून परत. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, माझी काही हरकत नाही. पण हा घाट दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी खोदला त्यांनी तो कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावरून माल लादून येणाऱ्या तांड्यांसाठी खोदला, म्हणजे माणूस घामाघूम होऊन खालून वर येणार आणि मग माथ्याजवळच्या कोरलेल्या गुहेत टेकणार असा सगळा हिशोब आहे. गाडीतून उतरून चार पायऱ्या खाली गेलात तर ती गुहा नुसती गुहाच दिसते. म्हणून ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी कोकणातून चढा, वर घाटघर गावात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी जुन्नरला उतरा.

सीझन म्हणाल तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत बेस्ट. पावसात वाट शेवाळलेली असते, ओढ्याला अचानक पाणी येतं आणि धुक्यात गुहेतला शिलालेख काय, शेजारचा माणूस दिसत नाही. मार्चनंतर खालचा टप्पा भाजून काढतो.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी कुठलीही एसटी पकडा (नगर, जुन्नर, आळेफाटा वगैरे), पहिलीच पकडलेली बरी. टोकावडे गेलं, मग वैशाखरे आलं की कंडक्टरला आधीच सांगून ठेवा "नाणेघाटाच्या वाटेला सोडा", म्हणजे गावाच्या थोडं पुढे उजव्या हाताची वाट सुरू होते तिथेच उतरता येतं. समोर नानाचा अंगठा दिसतोच, तो प्रचंड सुळक्यासारखा कडा, खिंड त्याच्या शेजारीच आहे त्यामुळे दिशा चुकायची फार भीती नाही. तरी जंगलाच्या टप्प्यात ढोरवाटा भरपूर फुटतात, जास्त मळलेली वाट धरा आणि कोणी गुराखी भेटला तर "दादा, घाटाची वाट हीच ना" एवढं विचारायला लाजू नका. रमतगमत अडीच ते तीन तास धरा. पाणी माणशी तीन लिटर घ्या. वाटेतल्या कातळात खोदलेल्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका, काही टाक्यांत उन्हाळ्याकडे हिरवा गाळ उरतो.

आता खरं काम सुरू होतं ते शेवटच्या टप्प्यात. जंगल संपून खडी चढण लागली की पायाखाली बघत चला, मान वर करून कड्याचे फोटो नंतर. कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतील, कडा झिजून गोल झालेल्या, आणि बाजूला पाण्याची टाकी. ही टाकी कुणीतरी पैसे खर्च करून, दान म्हणून खोदवलेली आहेत. एका टाक्यावर तर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव कोरलंय, हे आपलं नालासोपारा बरं का, लोकल पकडतो ते. बंदरावरच्या माणसानं एवढ्या लांब घाटात पाण्याची सोय केली म्हणजे त्याचा किंवा त्याच्या लोकांचा इथून किती राबता असेल विचार करा.

गुहेत पोचलात की आधी बसा. तिन्ही बाजूंना दगडी बाक आहेत ते त्यासाठीच. डोळे अंधाराला सरावले की भिंतींवर ब्राह्मी अक्षरं दिसायला लागतात, आणि इथे एक ट्रिक सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते. टॉर्च समोरून मारू नका, समोरून मारली की सगळं सपाट दिसतं. टॉर्च भिंतीला लागून बाजूने धरा म्हणजे प्रकाश घासत जातो, कोरलेल्या रेषांमध्ये सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. फोटोही तसेच काढा. कृपा करून खडू फिरवू नका, अक्षरांना बोटं पण नकोत, अक्षरं आधीच जागोजागी उडालीत.

वाचता येत नसलं तरी काय लिहिलंय ते माहीत करून गेलात तर मजा वेगळी. लेख प्राकृतात आहे, सातवाहन राणी नागनिकेचा, पहिल्या सातकर्णीची बायको. बहुतेक अभ्यासक इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा धरतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि चार दिशांच्या लोकपालांना नमस्कार, आणि मग पुढे यज्ञांची यादी. दोन अश्वमेध, एक राजसूय आणि बाकीचे बरेच, प्रत्येकात दक्षिणा किती दिली त्याचा चोख हिशोब, गायी, घोडे, हत्ती, चांदीची भांडी, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. एका ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे असा आकडा आहे. हे आकडे शोधाच, कारण भारतातल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत हे मोडतात. शून्य नाही, दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं.

मागच्या भिंतीकडे वळा. तिथे एकेकाळी राजघराण्याचे पुतळे होते, आता फार तर पायांच्या खुणा उरल्यात, पण वर नावं आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला राजाचं सगळं खानदान दिसावं अशी जागा निवडली होती, आजच्या चौकातल्या फ्लेक्ससारखीच. फक्त हा फ्लेक्स दोन हजार वर्षं टिकला.

वर खिंडीच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकायचे असं सगळे सांगतात. पक्का पुरावा काही नाही, पण एवढा चालता घाट म्हणजे जकात असणारच, त्यामुळे लोक म्हणतात त्यात तथ्य असू शकतं. तुम्ही मात्र त्यात चिप्सची पाकिटं टाकू नका.

गुहेत मुक्काम अजिबात करू नका. तिथे धूर, शेकोटी, स्पीकर काही नको, कड्याला आग्या मोहळं असतात आणि ती उठली तर पळायला जागा नाही. मुक्काम घाटघरला. गाव मुख्यतः महादेव कोळी समाजाचं. येताना फोन करून किंवा निदान दुपारीच गावात सांगून ठेवा किती माणसं जेवणार ते, रात्री आठला जाऊन "मावशी जेवायला मिळेल का" विचारणं बरं दिसत नाही. पिठलं-भाकरी, भात, ठेचा, जे असेल ते खा, आणि पैसे सांगतील तेवढे द्या. मुंबईत कॉफीला दोनशे देणारे लोक इथे भाकरीवर घासाघीस करतात, मला त्याची खरंच चीड येते.

जेवल्यावर अंगणात बसायला मिळालं तर विचारा, पण मुलाखत घेतल्यासारखं नाही. हिरड्याचं विचारा. या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) गोळा करून वाळवून विकणं ही मोठी कमाई, त्या वर्षी भाव काय होता एवढं विचारलंत तरी तासभर गप्पा होतात. भाताच्या रोपांसाठी राब (पालापाचोळा पसरून जमीन) कसा भाजतात, आवणी म्हणजे भाताची लावणी कधी झाली, कारवीच्या कुडाच्या भिंती अजून कोणाकडे आहेत, असलं विचारा. म्हाताऱ्या आज्जी असतील तर जात्यावरच्या ओव्या येतात का विचारा, रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, आणि नाही म्हणाल्या तर विषय सोडा.

दिवाळीच्या तोंडावर जाणार असाल तर वाघबारस साधा. शहरात आपण वसुबारस करतो तेव्हा या भागातले गुराखी वाघोबाच्या ठाण्याला जातात, नैवेद्य दाखवतात, वर्षभर गुरांना आणि माणसांना सांभाळ म्हणून साकडं घालतात. बोलावलं तर जा, कॅमेरा घेऊन पुढे पुढे करू नका. एरवीही वाटेत शेंदूर फासलेला दगड दिसला तर त्यावर सॅक ठेवू नका, तो बसायचा दगड नाही. देवराईतून वाळकी काटकी पण उचलायची नाही.

दुसऱ्या दिवशी पायात जीव असेल तर जीवधन आहेच समोर. याच किल्ल्यावर ठेवलेल्या छोट्या मूर्तिजा निजामशहाला बाहेर काढून शहाजीराजांनी पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवलं होतं. वर धान्यकोठी बघा, आत गजलक्ष्मी कोरलीय. पण इंग्रजांनी १८१८ मध्ये वाटा फोडून ठेवल्यात, एक-दोन ठिकाणी कातळावर हातपाय लावून चढावं लागतं. ग्रुपमध्ये पहिल्यांदा येणारा कोणी असेल तर गावातला वाटाड्या घ्याच, त्याची मजुरी आधी ठरवा.

परतीला घाटघरहून जुन्नरची एसटी आहे पण फेऱ्या मोजक्या, टाइम गावातच विचारून ठेवा. चुकली तर वडापची जीप. वाटेत कुकडेश्वराचं जुनं देऊळ लागतं, कुकडीचा उगम तिथलाच, कोरीव काम बघायला अर्धा तास काढा. मग जुन्नरहून नारायणगाव आणि तिथून पुण्याला गाड्या सारख्या असतात.