वाऱ्याने समुद्र कसा वाहतो : नाशिकमध्ये घरी करून पाहण्याची रीत

इगतपुरीच्या घाटात जून-जुलैमध्ये कोसळणारा पाऊस ज्या नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर येतो, तो वारा अरबी समुद्रावरून येताना केवळ बाष्प गोळा करत नाही, तर पाण्यालाही पुढे रेटतो. नाशिकपासून किनारा सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्याकडील मुलांसाठी सागरी प्रवाह म्हणजे नकाशावरचे तांबडे-निळे बाण एवढेच उरतात. हे मला फार खटकते, कारण या बाणांमागचे कारण घरातल्या साहित्याने डोळ्यांना दाखवता येते.

त्यासाठी लांबट, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात वीतभर पाणी भरावे आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्यावे. डब्याच्या एका टोकापासून थोड्या अंतरावर, वेगळ्या स्टुलावर टेबलफॅन ठेवून तो मंद गतीने लावावा. पंख्याला ओला हात लावू नये. पाण्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा टाकला की तो वाऱ्याच्या दिशेने सरकू लागतो, कारण वारा पाण्याच्या पृष्ठभागाला घासतो आणि त्या घर्षणातून पाण्याला गती मिळते. आता पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन खडे डब्याच्या मध्यावर अलगद तळाशी सोडावेत. जांभळी रेघ भुशाच्या उलट दिशेला, म्हणजे पंख्याकडे जाते आणि तिथल्या भिंतीशी पोचून वर चढते. वरचे पाणी पुढे ढकलले गेले की त्याची जागा भरण्यासाठी खालचे पाणी येतेच. या प्रयोगातून हीच एक गोष्ट मनात पक्की बसली तरी पुरे.

डब्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसणार नाही. (मोरीतले पाणी या परिणामामुळे ठरावीक दिशेने गोल फिरते ही समजूत चुकीची आहे, एवढ्या लहान पाण्यावर तो नगण्य असतो.) तो समजण्यासाठी पुठ्ठ्याची चकती मध्यभागी टाचणीने बसवावी, ती एकाने घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवावी आणि दुसऱ्याने पट्टीच्या कडेने मध्यापासून बाहेर सरळ रेघ ओढावी. हात सरळ गेला तरी चकतीवरची रेघ उजवीकडे वळलेली आढळते. उत्तर गोलार्धात वाहते पाणी असेच उजवीकडे वळते, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे. ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३ ते १८९६ च्या आर्क्टिक सफरीत नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांना बर्फ वाऱ्याच्या दिशेपेक्षा २० ते ४० अंश उजवीकडे वाहताना दिसला, आणि स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमान यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. वरच्या थराने खालच्या थराला ओढत नेताना प्रत्येक थर आणखी थोडा उजवीकडे वळतो, त्यामुळे वाऱ्याच्या प्रभावाखालील साधारण शंभर मीटरपर्यंतच्या पाण्याचे एकूण वहन वाऱ्याशी काटकोनात होते.

उत्तर गोलार्धाच्या नकाशावर हे लावण्याची सोपी युक्ती अशी की, वारा आपल्या पाठीवर येतो आहे अशी कल्पना करून उजवा हात बाजूला पसरावा. हात जिकडे, तिकडे पाणी. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा नैर्ऋत्य वारा घेतला, तर उजवा हात खुल्या समुद्राकडे जातो. पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि डब्यातल्या जांभळ्या रेघेप्रमाणे खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. केरळच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात हे घडते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यामागे तारली, बांगडा यांसारखे मासे येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान व हरितद्रव्य पाहून मासे मिळण्याची शक्यता असलेली क्षेत्रे मच्छीमारांना कळवते, त्यामुळे बोटीचे डिझेल आणि वेळ दोन्ही वाचतात.

दुसरा उपयोग जीव वाचवण्याचा आहे. पृष्ठभागाचा प्रवाह वाऱ्याच्या वेगाच्या साधारण २ ते ३ टक्के असतो. ताशी ३६ किलोमीटर वारा दिवसभर एकाच दिशेने वाहिला, तर पाणी त्या २४ तासांत सुमारे १७ ते २६ किलोमीटर सरकते. इंजिन बंद पडलेली होडी काल दिसली त्याच जागी आज शोधणे म्हणूनच व्यर्थ ठरते. तिला वारा थेटही ढकलतो, आणि भरती-ओहोटीचा भाग वेगळा धरावा लागतो. सांडलेले तेल कोणत्या किनाऱ्याला लागेल याचा अंदाजही याच हिशेबाने बांधला जातो.

ही उदाहरणे मुलांकडून करून घेतल्यावर तोच नकाशा जानेवारीत पुन्हा उघडावा. तेव्हा वारा ईशान्येकडून येतो, उजवा हात सोमालियाच्या किनाऱ्याकडे वळतो, थंड पाणी वर येणे थांबते आणि तिथला प्रवाह दिशा बदलून नैर्ऋत्येकडे वाहू लागतो.