जुन्या गाडीचं सस्पेन्शन उघडण्याआधी

पहिला पान्हा लावण्याआधी चारही चाकांपाशी उंची मोजून लिहून ठेवा. नंतर गाडी वर वाटली की खाली, हे ठरवायला दुसरा आधार उरत नाही. जमीन सपाट हवी, टायरमध्ये ठरलेली हवा, स्टेपनी जागेवर, डिकी रिकामी आणि टाकीत किती पेट्रोल आहे याची नोंद. माप हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही त्यात मिसळते. मडगार्ड पूर्वी ठोकून दुरुस्त केलेलं असू शकतं, म्हणून मॅन्युअलमध्ये चासीवरचे बिंदू दिले असतील तर तीही मापं घ्या.

गाडी एका बाजूला झुकलेली असेल तर त्याच कोपऱ्यातली स्प्रिंग दोषी असेलच असं नाही. पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्याखाली जॅक लावून पुढची चाकं जेमतेम उचला. मागची बाजू सरळ झाली तर खोट पुढे आहे, तशीच कललेली राहिली तर मागे.

सुटे भाग मागवताना स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेटोळी आणि मोकळी लांबी जुळवा. काही गाड्यांत डावी-उजवी स्प्रिंग वेगळी असते; टॉर्शन बारची (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याची) तर अदलाबदल करूच नये, आणि तो काढण्याआधी दात्यांवर खूण हवी. स्प्रिंगखालचे रबरी पॅड विसरू नका. स्प्रिंग आर्मच्या (चाक चासीला जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) मधोमध बसत असेल तर पॅडमधल्या 5 मिमी फरकाचे चाकापाशी सुमारे 10 मिमी होतात. पाट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीला यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच घ्या, ताणलेले जुने पुन्हा आवळू नका. कॉइल स्प्रिंग काढायला धड कॉम्प्रेसर आणि चासीखाली स्टँड हवेतच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हातपाय मोडते.

सगळ्यात जास्त घोळ बुशचा, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीचा. लोखंडाला चिकटवलेलं रबर आर्मबरोबर फिरत नाही, पिळलं जातं, म्हणजे तेही एक छोटी स्प्रिंगच. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर ते पीळ घेऊन तिला वर रेटत राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवा. गाडी रॅम्पवर, वजन चाकांवर, दोन-चारदा दाबून सोडलेली, अशा स्थितीत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्ह्याने) आवळा. बोनेटखालचं इंजिन बाहेर काढलेलं असेल तर चाकांवर पूर्ण वजन नसतं, तेव्हा ते परत बसेपर्यंत थांबा. मोकळे फिरणारे पॉलियुरेथेनचे बुश या नियमाला अपवाद आहेत, मात्र त्यांना ठरलेलं ग्रीस लागतं. अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांड्याचे) लिंक सर्वांत शेवटी जोडा.

साध्या तेलाच्या शॉकअब्सॉर्बरने उंची बदलत नाही. गॅसच्या दाबाचे मात्र गाडी किंचित उचलतात.

जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. चाकं आत खेचलेली असतात, टायर जमिनीला अडकतात. गाडी थोडी पुढे-मागे ढकला, मग माप घ्या. नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, तेव्हा गाडी वर दिसते म्हणून वेटोळं कापायला कुणी सुचवलं तर ऐकू नका: कापलेली स्प्रिंग कडक होते आणि तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही. खचलेल्या गाडीची सवय झालेल्या डोळ्याला मूळ उंचीही जास्तच वाटते. स्प्रिंगा बसल्यानंतर मापं मॅन्युअलशी ताडून पाहा, यू-बोल्ट पुन्हा आवळा, मग टो (चाकं वरून पाहता आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) जुळवून घ्या. हेडलाइटची दिशा आणि मागच्या ब्रेकला भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची कडीही तपासा.