पन्हाळा–पावनखिंड, पहिला दिवस: या चुका टाळा

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज भर पावसात पन्हाळ्यावरून निसटले, ती ही वाट. पावनखिंडीपर्यंत पन्नासेक किलोमीटर. आपण ती दोन दिवसांत चालतो, मावळे एका रात्रीत गेले. गडाच्या राजदिंडी या लहान दरवाज्यापाशी उभं राहिलं की ही तुलना अंगात शिरते आणि गडबड तिथूनच सुरू होते. घोषणा देत धावत सुटलेली मंडळी दुपारी चारला मांडलाईवाडीच्या अलीकडे बांधावर बूट काढून बसलेली मी पाहिली आहेत. एका वर्षी त्यांच्यात मीही होतो. या वाटेवर चढ फारसा छळत नाही, छळतो तो ओला मोजा.

माळ्यावरचे बूट

माझे बूट दिसायला धडधाकट होते, पण दोन वर्षं माळ्यावर पडून होते. मसाई पठार उतरून कुंभारवाडीकडे निघालो आणि उजव्या बुटाने आ वासला. तळवा पुढून सुटलेला, प्रत्येक पावलाला त्यात चमचाभर चिखल. पडून राहिलेल्या बुटांचा गोंद आणि तळवा आतून कुजतो, हे वरून कळत नाही. म्हणून निघायच्या दोन आठवडे आधी बूट बादलीत बुडवून काढा आणि ओलेच घालून तास-दोन तास चाला. सुटायचा असेल तर घराजवळ सुटू दे. वाटेत सुटलाच तर चिकटपट्टीच्या नादी लागू नका, ओल्या चिखलावर ती धरत नाही. सुतळीचे दोन तुकडे जवळ ठेवा: एक चवड्याभोवती, दुसरा टाचेच्या जरा पुढे, गाठ वरच्या बाजूला. मी तसाच करपेवाडीपर्यंत गेलो.

नवे कोरे बूट घालून येणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक. आणि नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

"जरा खुपतंय, पुढच्या वाडीत बघू"

अख्ख्या ट्रेकमधलं सगळ्यात महाग वाक्य. टाचेला नुसती आग होते तेव्हाच थांबायचं. पाय पुसायचा, पुरता कोरडा होऊ द्यायचा आणि कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावायची. पट्टीचे कोपरे गोल कापले तर ती मोज्यात गुंडाळत नाही. पाच मिनिटांचं काम, पण गटातले सगळे पुढे निघालेले असतात म्हणून लाजेपोटी कोणी थांबत नाही.

फोड आलाच तर फोडू नका. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा, वरची कातडी ओढू नका, झाकून टाका. ही वाट भातखाचरांतून जाते, त्या चिखलात गुरांचं, उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि उघड्या जखमेतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू शिरू शकतात. घरी परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की चिखलातून चालून आलोय.

मसाईवर पांगणं

पठार सपाट, त्यामुळे इथे वेळ वाचेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो फोटोंतच जातो. मग धुकं उतरतं आणि गुरांच्या दहा वाटा सारख्याच दिसायला लागतात. चुकलो असं वाटलं की "सरळ गेलो तर मिळेलच" हा विचार सोडा, पठाराच्या कडेला थेट उतार आहेत. जिथे वाटेची खात्री होती तिथवर मागे या. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला असतो, पण ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. फोनच्या पिशवीत एक कोरडा रुमाल ठेवा. छत्री घरीच बरी, इथला वारा ती उलटी करतो.

"हितंच हाय की"

रोपलावण करणाऱ्या एका मामांना विचारलं, "मामा, आंबेवाडी किती लांब?" वर न बघता म्हणाले, "हे काय, हितंच हाय की." ते "हितंच" दीड तासाने आलं. मामांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या पाठीवर बारा किलोची बॅग नव्हती. अंतर विचारू नका. "चालत किती येळ लागंल?" असं विचारा आणि उत्तराची दुप्पट धरा. सकाळी सातला गड सोडा. ढगाळ दिवशी झाडीत साडेसहालाच अंधारतं, त्यामुळे बॅटरी बॅगेच्या तळाशी नको.

बांधावरून एकामागोमाग चाला. नुकत्या बांधलेल्या बांधावर वीस जण नाचले की तो फुटतो, आणि तो परत घालायला मामाच येतात.

ओढा

पाणी गढूळ, जोरात आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. पाऊस उघडला की असे लहान ओढे बऱ्याचदा तास-दोन तासांत उतरतात. उतरायचं तेव्हा बूट पायातच ठेवा आणि बॅगेचा कमरपट्टा सोडा, पाय घसरला तर बॅग टाकून देता आली पाहिजे.

पावसात तहान लागत नाही आणि दुपारी पिंढऱ्यांत गोळे येतात. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घेत राहा. खाचरांतून आलेलं पाणी पिऊ नका.

मुक्कामी

बॅगेवरच्या आवरणात पावसाचं पाणी साचतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी हवी. तिच्यात कपड्यांचा एक जोड आणि एक जोडी मोजे, ते फक्त रात्रीसाठी. बूट चुलीजवळ ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. तळवा तापून सुटतो, माझ्या सोबत्याचा सुटलाच. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपायच्या आधी एकदा बदला.

सकाळी कोरडे मोजे परत पिशवीत टाकायचे आणि कालचे ओले, गार, वास मारणारे पायात चढवायचे. पहिली दहा मिनिटं शिव्या येतात.